होडीला जुनं मशीन लावलं म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी

पोस्ट लांबलीय, चहा घेऊनच बसा.

आपल्याकडे होडीवर लिहायचं म्हटलं की सगळ्यांना गहिवर येतो. आजोबांची होडी, नारळी पुनवेचा नारळ, वाळूत उपडी ठेवलेल्या होडीखाली काढलेली दुपारची झोप. वाचायला मलाही आवडतं. पण तीच होडी आज पाण्यात असेल आणि तिच्यावर कुणाचं घर चालत असेल, तर याच माणसांचा सूर कसा पालटतो ते मी घरातच पाहिलंय. आठवणीतल्या होडीला हार आणि चालत्या होडीला सल्ले! गेल्या वर्षी माझ्या भावाच्या होडीला आम्ही जुनं, वापरलेलं मशीन लावलं, तेव्हा नात्यातल्या निम्म्या लोकांनी आम्ही घराण्याची अब्रू घालवली असं तोंड केलं. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी थोडी ओळख. आम्ही पेडण्यातल्या केरीचे, तेरेखोलच्या मुखावरचे. पलीकडे तेरेखोलचा किल्ला, खाडीच्या वरच्या अंगाला आरोंदा, म्हणजे महाराष्ट्र. सोयरीक दोन्ही काठांवर. मी थोरला, शिकून फिटर झालो आणि डिचोलीला आलो. सारमानसच्या बाजूला खनिजाच्या बार्जींची इंजिनं खोलण्यात माझं आयुष्य गेलं. २०१२ साली खाणी बंद झाल्या, बार्जी धक्क्याला लागल्या आणि माझ्यासारख्या कितीतरी फिटरांचे हात रिकामे झाले. तेव्हापासून घराच्या मागच्या पडवीत मी होड्यांची मशीनं दुरुस्त करतो. धाकटा भाऊ केरीलाच राहिला. त्याची होडी वीस फुटांची, लाकडी, वरून फायबर मारलेली. कांडाळ टाकतो. घरात भावजय, दोन मुलं आणि आमची आई.

गेल्या वर्षी एप्रिलात त्याचं आठ एचपीचं मशीन बसलं. पिस्टन चिकटला, सिलिंडरला खोल चरे पडले, आतलं अल्युमिनियम मिठाने खाऊन टाकलेलं. दुरुस्तीत अर्थ नव्हता. मे महिन्यात एका लग्नासाठी सगळे जमले आणि जेवणानंतर होडीचं काय करायचं यावर पंचायत बसली.

पुण्याच्या आत्येभावाचं मत पडलं, आता घ्यायचंच तर नवीन घ्या, पंचवीस एचपीचं, चार-स्ट्रोक, थोडे पैसे मी घालतो. पणजीहून आलेले जावई म्हणाले, मासे कशाला, मोपाला विमानतळ झालाय, पर्यटक दारात आलेत, डॉल्फिन दाखवायला लावा होडी. तिसऱ्याने सरळ विकायलाच सांगितलं. मी म्हटलं, वेंगुर्ल्याकडे एक नऊ पॉइंट नऊचं वापरलेलं मशीन आहे, मी बघून आलोय, ते लावू. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी लग्नातल्या जेवणाला शिळं वाढा म्हणालो. "अहो, होडीच्या किमतीचा विचार करा, भंगार काय लावताय?" हे वाक्य अजून कानात आहे.

भंगार! ज्यांच्या घरात दर दोन वर्षांनी फोन बदलतो त्यांना वीस वर्षांचं यंत्र भंगारच वाटणार. दोन-स्ट्रोकचं आउटबोर्ड मशीन ही मुळात साधी वस्तू आहे. वॉल्व्ह नाहीत, खाली ऑइलचा चेंबर नाही, कॉम्प्युटर नाही. दोन पिस्टन, एक कार्बोरेटर, दोन प्लग, आणि खाली गिअर नि पंखा. नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या ओले एव्हिनरूडने १९०९ साली असलं मशीन विकायला काढलं. एव्हिनरूडचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं, पण मशीनची मूळ कल्पना आजही तीच आहे. हे मशीन मरतं ते वयाने नाही, मिठाने मरतं. रोज गोडं पाणी फिरवलेलं वीस वर्षांचं मशीन तीन वर्षं तसंच टाकलेल्या मशीनपेक्षा तरुण असतं.

म्हणून जुनं मशीन घेताना रंग बघायचा नाही. रंग काय, कुणीही मारतो. मी आधी गिअरचं ऑइल काढून बघितलं. दुधासारखं पांढरट आलं असतं तर सील गेलं, आत पाणी शिरलं, आणि तिथूनच परत फिरलो असतो. काळं आलं, पण स्वच्छ. मग प्लग काढून दोन्ही सिलिंडरांचं कंप्रेशन घेतलं, एकाचं ११५, दुसऱ्याचं ११०. आकडा किती यापेक्षा दोघांत फरक किती हे महत्त्वाचं. मग पिंपात उभं करून चालू केलं आणि मागून पाण्याची धार येते का ते पाहिलं. येत होती, पण लुळी. म्हणजे पाणी ओढणारा रबरी इम्पेलर थकलेला. तो स्वस्तात बदलता येतो, आणि न बदलल्यास अख्खं मशीन घेऊन जातो. भावाचं आधीचं मशीन असंच गेलं होतं. मालकाकडे मूळ बिल होतं, इंजिनावरचा नंबर बिलाशी जुळत होता. हे मी मुद्दाम लिहितोय. नंबर घासलेलं मशीन कितीही स्वस्त मिळो, हात लावू नका, ते कुणाच्या तरी होडीवरून रात्री उतरवलेलं असतं. नव्याच्या साधारण चौथ्या हिश्शात सौदा झाला.

आता "जुनं मशीन आणलं, मागे अडकवलं, झालं" असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी पुढचं. मशीन होतं लांब शाफ्टचं, म्हणजे वीस इंची. भावाच्या होडीची मागची फळी पंधरा इंची शाफ्टच्या मापाची. तसंच टांगलं असतं तर पंखा पाच इंच जादा खोल गेला असता. मोठ्या बंदरात चालून जाईल, तेरेखोलच्या मुखावर नाही. तिथे वाळूचा बांध दर पावसाळ्यात जागा बदलतो, आणि ओहोटीला येताना पाच इंच म्हणजे पंखा शाबूत राहणं आणि मोडणं यातला फरक. शिवाय एवढा शाफ्ट पाण्यात ओढायचा म्हणजे पेट्रोलही जातं. उपाय एकच, मागची फळी उंच करणं. फणसाची जाड फळी घेतली, जुन्या फळीवर खालपर्यंत उतरेल अशी लांब ठेवली. नुसता वर ठोकळा ठोकला तर पहिल्या मोठ्या लाटेला मशीनसकट निघून जातो. स्टेनलेसचे बोल्ट आरपार घातले, वरून फायबर नि रेझिन. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत आली, थोडी खाली, अर्धा इंचभर. अशीच हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो आणि मशीन नुसतं ओरडतं, होडी पुढे जात नाही.

पंखाही बदलावा लागला. आधीची बोट हलकी, माणसं फिरवायची, तिला अकरा इंच पिचचा पंखा होता. जाळी, बर्फ आणि तीन माणसं घेतलेल्या होडीला तो जड. घाटात बस टॉप गिअरवर चढवल्यासारखं मशीन गुदमरतं, आणि गुदमरत चाललेलं मशीन लवकर जळतं. आठ पिचचा बसवला. क्लॅम्पचे स्क्रू घट्ट केले, वर सुरक्षेची दोरी बांधली, आणि इंजिन बंद करणारी लाल दोरी भावाच्या मनगटाला सक्तीची केली. त्याला ती गुराच्या दाव्यासारखी वाटते. वाटू दे! एकटा माणूस होडीतून पडला आणि होडी तशीच पुढे गेली तर काय होतं हे किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही.

तर भंगार लावायला एवढं डोकं लागतं. नवीन घेतलं असतं तर खोक्यातून काढून बसवलं असतं, हे खरं. मग पंचवीसचं का नको?

पहिलं कारण होडीच. पाणी कापत जाणाऱ्या वीस फुटी, भरलेल्या होडीचा वेग तिच्या लांबीने ठरतो. सहा नॉट्स, म्हणजे तासाला अकरा किलोमीटर, यापुढे तिला रेटायला गेलं तर ती स्वतःच केलेल्या लाटेवर चढायला बघते, मागून बसते, आणि पेट्रोलचं नुसतं पाणी होतं. नऊ पॉइंट नऊ तिला त्या वेगापर्यंत आरामात नेतं. पंचवीसचं दोन-स्ट्रोक पूर्ण मोकळं सोडलं तर तासाला दहा-अकरा लिटर पितं, हे त्याच्या निम्म्याहून कमी. वजनाचं बघा. पंचवीसचं चार-स्ट्रोक साठ किलोच्या आसपास, हे चाळीसच्या आत. मागच्या फळीवर रोज वीस किलो जादा टांगायचे आणि रोज वाळूतून वर आणायचे. पुण्याहून सल्ला देताना हे खांद्यावर येत नाही.

दुसरं कारण कायद्यातलं आहे आणि ते पंचायतीत कुणालाच माहीत नव्हतं. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ट्रॉलर बंद, मोठी मशीनं बंद. पण नोंदणी असलेल्या, कांडाळ टाकणाऱ्या आणि दहा एचपीपर्यंतचं मशीन असलेल्या होडीला त्यातून सूट आहे. दहापर्यंत! पंचवीसचं मशीन लावलं की भाऊ त्या दोन महिन्यांत ट्रॉलरवाल्यांच्या रांगेत जाऊन बसला. पावसाळ्यात तो भर दर्यात जातच नाही, वेड लागलेलं नाही त्याला, पण खाडीत आणि मुखाच्या आतल्या अंगाला, वारा पडलेल्या दिवशी, कांडाळीला जे लागतं त्यावर जून-जुलैचा चुलीचा खर्च निघतो. तेव्हा बाजारात ताजी मासळी कमी, भाव चांगला. आत्येभावाने प्रेमाने देऊ केलेल्या पंचवीस एचपीत हे दोन महिने बुडत होते.

इथे भावाचं म्हणणं लिहिलं नाही तर लबाडी होईल, कारण तोही माझ्या बाजूने नव्हता. तो म्हणाला, "दादा, लागीं नुस्तें खंय आसा? नऊच्या मशीनान हांव खंयसर वचूं?" जवळ मासळी आहे कुठे, एवढ्याशा मशीनने मी कुठवर जाऊ? हे खरं आहे. आमच्या लहानपणी केरीच्या वाळवंटावर रापण ओढायला सगळा वाडा जमायचा. म्हातारी, पोरं, बायका, सगळे दोरीला. बांगडा आणि तारली किनाऱ्याला इतकी जवळ यायची की मशीन कशाला, वल्ह्यावर पोचायचं. आज भावाला त्याच मासळीमागे कितीतरी लांब जावं लागतं.

का जावं लागतं, हा खरा प्रश्न. आणि त्याचं उत्तर मशीनच्या दुकानात नाही.

भारतात छोट्या होडीला यंत्र बसवायची मोठी मोहीम १९५३ पासून केरळात नॉर्वेच्या मदतीने सुरू झाली, ती गरीब मच्छीमाराच्या नावाने. पुढे ती कोळंबीच्या ट्रॉलिंगपर्यंत गेली. गोव्यातही मुक्तीनंतर ट्रॉलर आले आणि किनाऱ्यालगतचा तळ खरवडायला लागले. रापणकारांनी माथानी साल्ढाणांसारख्यांच्या नेतृत्वाखाली सत्तरच्या दशकात आंदोलन केलं, मोर्चे काढले, मार खाल्ला. त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यापासून पाच किलोमीटरचा पट्टा ट्रॉलरांना बंद झाला. कागदावर. २०१७ साली केंद्राने एलईडी दिवे लावून मासेमारी आणि बुल ट्रॉलिंग बंद केलं. तेही कागदावर. केरीच्या वाळवंटावर रात्री उभे राहा आणि क्षितिजावरचा उजेड बघा.

म्हणजे होतं काय? पाच किलोमीटरचा पट्टा राखायचं काम सरकारचं. तो राखला जात नाही म्हणून मासळी लांब जाते. मासळी लांब गेली म्हणून छोट्या होडीवाल्याने मोठं मशीन घ्यायचं, कर्ज काढायचं, दुप्पट पेट्रोल जाळायचं, आणि पावसाळ्याची सूटही घालवायची. कायदा न पाळल्याचा दंड पाळणाऱ्याच्या खिशातून! शेजाऱ्याने पंधराचं घेतलं म्हणून हा पंचवीसचं घेणार, मग तो चाळीसचं. शेवटी सगळे कर्जात सारखेच, आणि मासळी होती तेवढीच. या शर्यतीत पुढे राहतं ते फक्त दुकान.

योजनांची भाषाही नव्याचीच. अनुदान मागायला गेलात तर नव्या मशीनचं कोटेशन हवं, नव्या मशीनचं बिल हवं. जुनं मशीन नीट तपासून घ्यायला, शाफ्ट मापात बसवायला, वेळेवर इम्पेलर बदलायला मदत मागायची तर कुठल्या टेबलावर जायचं? भाऊ एका कार्यालयात चौकशीला गेला तर त्याला सांगितलं की थोडं मोठं घे, प्रकरण तेवढंच, रक्कम मोठी दिसते. दुकानदार सोडा, टेबलावरचा माणूसही हेच सांगतो.

एक आक्षेप मात्र मी मान खाली घालून ऐकतो. कॉलेजात पर्यावरण शिकणाऱ्या माझ्या पुतणीने घेतला. जुन्या दोन-स्ट्रोकमधून पाव हिश्शापर्यंत पेट्रोल न जळताच बाहेर पडतं, ऑइलसकट, पाण्यात. बरोबर आहे तिचं. मोरजीला कासवं अंडी घालायला येतात, आणि आम्ही त्याच पाण्यात हे सोडतो. अमेरिका-युरोपने याच कारणाने नियम कडक केले आणि जुन्या पद्धतीची दोन-स्ट्रोक नव्याने विकणं तिकडे संपलं. भावाच्या आवाक्यात दहाच्या आतलं चार-स्ट्रोक आलं तर मी स्वतः ते बसवून देईन. पण तोवर मोजमाप नीट व्हावं. दिवसाला तास-दीड तास चालणारं नऊ पॉइंट नऊ एका तागडीत आणि रात्रभर तळ खरवडणारा ट्रॉलर दुसऱ्या, असं धरून मग बोलावं. मिश्रण पन्नासाला एक, त्यापेक्षा ऑइल जादा ओतायचं नाही, कार्बोरेटर साफ, प्लग बरोबर, एवढं केलं तरी धूर निम्मा होतो. आमच्याकडे "जरा ऑइल जास्त असूं दे, मशीन टिकता" म्हणून हात सैल सोडणारे आहेत, त्यांना पुतणीकडे पाठवायला हवं.

डॉल्फिनवाल्या जावयांबद्दल मी थोडक्यात लिहितो, नातं टिकवायचंय. पर्यटक फिरवणं हलकं काम नाही, पोरं करतात, पैसेही मिळतात. पण त्याला वेगळा परवाना, वेगळी होडी, वेगळं मशीन लागतं, आणि मे संपला की ते संपतं. मुख्य म्हणजे भावाला कांडाळ टाकता येते. कुठल्या वाऱ्याला कुठे टाकायची, पाण्याचा रंग बदलला की कधी उचलायची, हे तो बापाकडून शिकला. चाळीस वर्षांचं हे शिक्षण बाजूला ठेवून त्याने दिल्लीच्या माणसाला "दॅट साइड, दॅट साइड" करावं, असं जावयांना का वाटलं ते त्यांनाच विचारा.

भावाचं म्हणाल तर लांबच्या बांगड्याला तो आता जात नाही, आणि त्याची चुटपुट त्याला आहे. दुसऱ्यांच्या होड्या भरून येताना बघितल्या की दोन दिवस माझ्याशी तुटक बोलतो. मात्र जून-जुलैत ज्या दिवशी वारा पडला त्या दिवशी तो पाण्यात होता, आणि गणपतीला घरी कर्जाचा हप्ता नव्हता. मशीन जरा थरथरतं, सकाळी पहिल्या दोरीला चालू होत नाही, तिसऱ्या-चौथ्याला होतं. त्याचा मोठा मुलगा आता रोज संध्याकाळी पिंपात उभं करून दहा मिनिटं गोडं पाणी फिरवतो. न सांगता.

तर मंडळी, गहिवर थोडा बाजूला ठेवून एक काम करा. तुमच्यातल्या पुष्कळांच्या गावच्या घरी, पडवीत किंवा माळ्यावर, बाबांचं किंवा काकांचं मशीन गोणपाटात गुंडाळून पडलेलं असेल. आठचं असेल, नऊ पॉइंट नऊचं असेल. या वेळी गावी जाल तेव्हा खालचा गिअरचा स्क्रू काढून ऑइल बघा. पांढरं नसेल तर प्लग काढून आत थोडं ऑइल सोडा, एक रात्र थांबा, आणि दोरी हळूच ओढून बघा. फिरत असेल तर बिल शोधा आणि वाड्यातल्या कुणा कांडाळवाल्याला विचारा. पेडण्यातली मशीनं मी बघून देईन, पैसे घेत नाही. इम्पेलर तेवढा तुमचा तुम्ही आणा, आणि आणण्याआधी मशीनवरचा मॉडेलचा नंबर लिहून घ्या.